नत्थुजींचे राघू

पांढरा ठिपका. तिळाहूनही बारीक. राघूच्या पोटाखाली, भट्टीतली वाफ बाहेर पडावी म्हणून जे भोक ठेवायचं असतं त्याच्या काठावर, लाल भाजलेल्या मातीत रुतून बसलेला. जमुनानं तो अंगठ्याच्या नखानं जरा टोकरून पाहिला. निघाला नाही. निघू नको, ती मनात म्हणाली, तिथंच राहा... आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात राघू फिरवून तिनं त्याचे पंख पाहिले, हिरवी झिलई कशी एकसारखी बसली आहे ते पाहिलं, चोच पाहिली, मानेवरचा तांबडा कंठ पाहिला, आणि आपल्या हातून इतकं देखणं काम याआधी कधी झालं होतं का, हे तिला आठवेना. देखणं व्हायलाच हवं होतं. ज्या वस्तूचा पुढं घात व्हायचा आहे ती आधी लोकांच्या मनात भरली पाहिजे, दारात टांगल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यानं मान वर करून पाहिली पाहिजे, कुठून आणले हो, असं विचारलं पाहिजे — आणि सांगणाऱ्यानं तिच्या भावाचं, देवानंदचं नाव सांगितलं पाहिजे.

बडनेरा केव्हाच मागं पडलं होतं. बस अकोल्याच्या रस्त्याला लागली होती आणि दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला लागली होती. पायाशी दोन खोकी, सुतळीनं बांधलेली. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले राघू, जोडीजोडीनं. एक जोडी तिनं बाहेर ठेवली होती, पिशवीत, नवऱ्याला दाखवायला म्हणून. रामरावांनी सकाळी रिक्षात खोकी चढवताना ती पाहिली आणि म्हणाले, "नत्थुजीच आठोले वं." तिच्या बाबांचं नाव त्यांनी मनापासून घेतलं होतं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. त्यानं पायानं खोकं जरा सरकवलं.

"काय आहे वं मावशी यात? फुटाचं सामान हाय का?"

"हो," जमुना म्हणाली. "फुटाचंच हाय."

तो पुढं गेला. तिला हसू आलं. ते हसू बराच वेळ ओठांच्या आतच राहिलं, आणि मग त्याची चव कडू झाली.

वऱ्हाडची माती काळी, चिवट, आणि तिच्यात चुनखडीचे खडे. नदीचा गाळ मिसळा, राख मिसळा, काही करा, खडे असतातच. म्हणून माती वाळवायची, कुटायची, चाळायची, पुन्हा पाण्यात कालवून कापडातून गाळायची. बाबांचा सगळा कडकपणा त्या एका कामात होता. चाळणीत जरा घाई दिसली की ते म्हणत, "खडा भट्टीत मरत नाई, जमुना. झोपते. बाहेर आला, हवेतलं पानी पेला, का उठते." आणि उठला की फुगतो, आणि फुगला की वरची खपली उडवतो. चांगलं खणखणीत भाजलेलं भांडं, महिनाभरात त्याच्या अंगावर देवीचे वण आल्यासारखे खड्डे. आवाजही होतो. बारीक, टच्च असा, उवा मारल्यासारखा. लहानपणी एकदा कुणाच्या तरी घरून परत आलेला माठ त्यांनी अंगणात ठेवला होता, आणि ती व देवानंद दोघं त्याला कान लावून बसली होती. टच्च... देवानंद दचकून तिच्या अंगावर पडला होता. किती वर्षांचा होता? तिच्या कमरेएवढा. त्याच्या केसांना तेलाचा वास यायचा.

नाही. हे आठवायचं नाही.

या वेळी तिनं माती चाळलीच नव्हती. नुसती नाही चाळली असंही नाही — रिद्धपूरच्या बाजूला एका शेतात बांधाला चुनखडीचा थर आहे, तिथून तिनं मुठी भरून खडे आणले होते, पाट्यावर रव्यासारखे वाटले होते आणि मळताना मातीत मिसळले होते. पिठात मीठ घालावं तसे. हाताला ते कचकचत होते. आयुष्यभर जी कचकच हाताला लागली की काम थांबवायचं हे तिला शिकवलं होतं, तीच कचकच ती बोटांनी शोधत होती, आणि सापडली की अंगभर एक गार समाधान पसरत होतं. पाप करताना माणसाला इतकं शांत वाटतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

धनत्रयोदशीला लोक राघू दारात टांगतील. पहाटेचं दंव पडायला लागलेलं असेल. लक्ष्मीपूजनाला सगळं झगमगीत... आणि मग हळूहळू. आधी एखाद्या पंखावरची टिकली उडेल. कुणी म्हणेल, पोरांनी धक्का लावला असेल. मग शेजारच्या दारातही. मग पोट, मग डोळा. भाऊबीजेच्या दिवशी बहिणी भावांना ओवाळत असतील आणि वर दारातल्या राघूंचं अंग सोलवटत असेल, आणि जठारपेठेतली माणसं ते राघू कागदात बांधून देवानंदच्या दुकानात आणतील. काय हो हे? नत्थुजींचे राघू म्हणे! तो काय सांगेल? त्याला सांगता येणार नाही की ते माझे नाहीत, बहिणीचे आहेत. कारण दुकानावर त्याचा फोटो आहे. बोर्ड तिनं पाहिला होता, मोबाइलवर. "नत्थुजींचे राघू — परत आले." खाली देवानंदचा हसरा चेहरा, हातात राघू. तो राघूही तिचाच, दहा-बारा वर्षांपूर्वीचा.

बाई माणसानं चाकाला हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरातला नियम. पण राघू चाकावर होत नाही. तो हातात होतो, बोटांनी, मातीची पोकळ मूठ करून, आत एक भाजलेली गोळी टाकून, म्हणजे वारा आला की खुळखुळतो. म्हणून बाबा म्हणाले होते, "चाकाले हात नको लावू. पन राघू काई चाकावर थोडाच होते?" आणि हसले होते, जणू देवाला फसवून त्यांनी एक पळवाट काढली होती, फक्त तिच्यासाठी. बाबांच्या आजीनं म्हणे पहिला राघू केला, नवऱ्यानं टाकल्यावर, दिवाळीला माहेरी आली तेव्हा रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून. मग प्रत्येक दिवाळीला ओळखीच्या घरी जोडी जायची. मग लोक मागायला यायचे. मोर्णा नदीकाठच्या त्या अंगणात दसऱ्यापासून हिरवे राघू वाळत असत आणि बाबा सकाळी उठून आधी ते मोजत, मग चूळ भरत.

देवानंदच्या हातात माती फाटायची. त्याचे तळवे गरम होते. मूठ केली की कड वाळायची, चीर जायची. बाबा त्याचा राघू हातात घेत, उलटसुलट पाहत आणि म्हणत, "हा तं कावळा झाला, देवा." सगळे हसत. तीही हसे. मग तो राघू बाबा पाण्याच्या टाक्यात टाकत, माती पुन्हा माती व्हायला. देवानंद टाक्याच्या काठावर बसून तो विरघळताना पाहत राही.

मला काय त्याचं? त्याला चाक दिलं, घर दिलं, दुकान दिलं. मला काय दिलं? बोटं दिली. आणि शेवटी माझ्या वाट्याला जे येणार होतं, एवढंसं, कुणालाच न दिसणारं, तेही यानं...

मूर्तिजापूर आलं. लोक चढले, उतरले. एक बाई शेजारी बसली आणि मांडीवरच्या राघूकडे पाहून म्हणाली, "किती सुंदर! दिवाळीसाठी का?" जमुनानं मान हलवली आणि राघू पदराखाली घेतला.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी माणिकबाईंचा फोन आला होता. बाबांच्या घराशेजारच्या. "जमुना, बाई, तू निंघाली नाईस अजून?" कशाला निघू? काय झालं? पलीकडून नुसता रस्त्याचा आवाज आला, आणि मग माणिकबाई रडायला लागल्या. याच रस्त्यानं ती गेली होती, याच बसनं, आणि बोरगाव मंजूला फाटक लागलं होतं, मालगाडी जात होती, डब्यामागून डबे, आणि ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली होती. पोचली तेव्हा माणसं मोक्षधामाहून परतत होती. जिथं बाबांना ठेवलं होतं तिथं जमिनीवर पीठ पसरून दिवा लावला होता. देवानंद भिंतीला टेकून बसला होता, डोक्याचा गोटा केलेला, ओला, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "थांबले काहून नाई?" ती ओरडली होती. कुणीतरी म्हणालं, ऊन फार होतं, ठेवता येण्यासारखं नव्हतं. मग माणिकबाईंनी तिला परसात नेलं. "लय वाट पाह्यली तुही. आठ दिवस अंथरुणावर होते. जमुना जमुना करे मानूस. मी देवाले म्हटलं, पोरीले फोन कर. तं म्हणे, केला. येऊन राह्यली म्हणे."

केला. येऊन राह्यली.

तिला ती दोन वाक्यं पाठ झाली. भाकरी थापताना, झिलई कालवताना. आणि पुढच्या दिवाळीला तो व्हिडिओ आला. अकोल्याचा कुणीतरी पोरगा कलावंतांच्या मुलाखती घेतो, त्यात देवानंद, इस्त्रीच्या सदऱ्यात, शुद्ध बोलण्याचा प्रयत्न करत: "बाबांनी शेवटी माझा हात हातात घेतला. बोटं चाचपली. आणि हा वारसा मला दिला." पुन्हा. बोटानं मागं सरकवून पुन्हा. बाबांनी शेवटी माझा हात... तिनं तो इतक्या वेळा पाहिला की रामरावांनी एकदा तिच्या हातून मोबाइल काढून घेतला आणि चार्जिंगला लावला.

त्यानंतर दोन दिवाळ्या देवानंदनं कुठून तरी साच्यातले राघू आणून विकले. लोक नाराज झाले. खुळखुळत नाहीत म्हणाले. आणि या श्रावणात त्याचा फोन. "ताई, राघू करून देशीन का?" तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "देतो न. काहून नाई?" आवाज इतका गोड निघाला की तिची तिलाच भीती वाटली.

दुकान छोटं होतं, पण चांगल्या जागी. जठारपेठेत दिवाळीची गर्दी सुरू झाली होती; आकाशकंदील, रांगोळीच्या पुड्या, कपड्यांच्या दुकानांतून लावलेली गाणी. देवानंद पायरीवर उभा होता. म्हातारा दिसला. इतका म्हातारा व्हायला त्याला काय झालं होतं? धावत येऊन त्यानं रिक्षातून खोकी उतरवली, वाकून तिच्या पाया पडला. त्याच्या डोक्यावर तिचा हात गेला नाही. तो क्षणभर तसाच वाकून राहिला आणि मग उठला.

"बाईजी, कित्ती दिवसानं!" आरती आतून आली, त्याची बायको, ओले हात पुसत. भाबडी बाई, तिला आपण घरातल्या कोणत्या भांडणात राहतो याचा पत्ता नसे. तिनं खोकी सोडली आणि एकेक राघू कागदातून काढून काउंटरवर मांडायला लागली, आणि प्रत्येकाला, "अगं माय... अगं माय," असं म्हणत राहिली. उन्हात ते हिरवे पंख लखलखले. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. भिंतीवर बाबांचा फोटो होता, हार घातलेला. जमुनानं तिकडे पाहिलं नाही.

देवानंदनं एक राघू उचलला. कानाशी हलवला. खुळखुळ. त्याचा चेहरा उजळला, अगदी लहान पोरासारखा. मग त्यानं राघू उलटा केला. भोकाकडे पाहिलं. जवळ नेलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा पाहिलं. आणि मग — बाबा करायचे तसंच, भट्टीतून काढलेल्या मालाची परीक्षा करताना — भोकाच्या काठाला जिभेचं टोक लावलं.

चुना जिभेला चावतो. भाजलेला चुना तर झोंबतोच.

तिनं त्याची जीभ आत जाताना पाहिली. त्यानं दुसरा राघू उचलला. भोक पाहिलं. तिसरा. जीभ लावली नाही, नुसतं पाहिलं. आता तो ओरडेल. आता हे सगळं रस्त्यावर फेकेल, आणि मग मी सांगेन, सगळ्यांसमोर, या चालत्या गर्दीसमोर, की का केलं. तीन वर्षं जपून ठेवलेलं एकेक वाक्य त्याच्या तोंडावर मारीन... ओरड. ओरड ना, देवा.

देवानंदनं तिसरा राघू काउंटरवर ठेवला, इतरांच्या रांगेत, नीट, चोच बाहेर करून.

"दिवायीपर्यंत टिकतीन का, ताई?"

हळू विचारलं होतं. आरतीला कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काहून? नाई टिकत असं वाटते का तुले?"

"मले काय वाटते," तो म्हणाला. "तूच बनोले."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मध्यमवयीन बाई, बरोबर तिची सून असावी, पोटुशी. "आले का हो राघू? आमच्या सासूबाई नत्थुजींकडून न्यायच्या." सुनेनं एक राघू गालाशी धरून हलवला आणि हसली. देवानंदनं जोडी निवडली, कागदात गुंडाळली. मग सुतळी हातात घेतली. त्यानं मान वर केली आणि जमुनाकडे पाहिलं — एकदाच, सरळ. थांबव म्हणत होता का? की थांबवू का, असं विचारत होता? तिनं नजर हलवली नाही. त्यानं सुतळीची गाठ मारली. "सांभाळून न्या," तो म्हणाला. त्या दोघी गेल्या. गर्दीत सुनेची पिवळी ओढणी बराच वेळ दिसत राहिली.

आरती चहाला आत गेली. दुकानात ती दोघंच. तो स्टुलावर बसला, तिला खुर्ची दिली.

"माणिकबाईनं सांग्तलं असंन तुले," तो म्हणाला.

"सांग्तलं."

"मी फोन नोता केला."

"मालूम आहे."

एवढंच? तिनं या वाक्याची वाट किती पाहिली होती, आणि ते असं आलं, चहाच्या आधी, हवापाण्याच्या गोष्टीसारखं. त्याच्या हातात कागदाचा एक कपटा होता, तो त्याची घडी घालत होता, उलगडत होता.

"त्यायले दिसत नव्हतं शेवटी-शेवटी. हात चाचपे माहा. पुसे, जमुना, आली का वं? मी म्हणो, नाई बाबा, मी आहो, देवा. का तोंड फिरवे भिंतीकडे." त्यानं घडी घातली. "मीच धूत होतो त्यायले. मीच भरवत होतो. मले एकदाई देवा म्हटलं नाई. तोंड फिरवे."

"मंग फोन काहून नाई केला?"

"केला असता तं तू आली असती," देवानंद म्हणाला. "मंग त्यायनं मले कायले हात देला असता?"

रस्त्यावर कुणीतरी पोरानं टिकल्यांचं पिस्तूल उडवलं. जमुना हलली नाही.

"मंग एका संध्याकाळी पुन्हा पुसलं. जमुना का वं? अन् मी म्हटलं... हो."

"काय म्हटलं?"

"हो म्हटलं. आली म्हटलं. बारीक आवाजात. त्यायनं हात धरला. एकेक बोट चोयलं. म्हणे, नखं वाहाडवू नको, मातीत खुणा पडतात."

तिच्या छातीतून एक आवाज निघाला, खोकल्यासारखा. नखं. दर सकाळी, अंगणात, तिचा हात धरून... नखं वाढवू नको गं. हे बाबांचंच. हे कुणी रचून सांगू शकणार नाही. हे माझं होतं आणि ते यानं ऐकलं, आपल्या गरम तळव्यात माझ्या वाटणीचा हात धरून, माझ्या आवाजात हो म्हणून. चोरानं दार फोडावं, पैसा न्यावा, दागिना न्यावा. हा माझ्या जागी जाऊन बसला. तिला वाटलं आपण उठावं आणि काउंटरवरचा एकेक राघू त्याच्या तोंडावर फोडावा. पण हात मांडीवरच पडून होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

"अजून काय म्हणाले?"

देवानंदनं कपट्याची आणखी एक घडी घातली.

"देवा. अजून काय म्हणाले?"

"म्हणे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "देवाले टाकू नको. त्याच्या हातात काई नाई. तूच सांभाय त्याले."

आरती चहा घेऊन आली, बशीत शेवचिवडा. काहीबाही बोलत राहिली, भावांच्या, बहिणींच्या, दिवाळीला कोण येणार याच्या गोष्टी. जमुनानं चहा घेतला. गरम होता, जीभ भाजली, आणि ते बरं वाटलं. निघताना आरतीनं तिला कुंकू लावलं, पदरात नारळ घातला. "भाऊबीजेले याच, बाईजी." देवानंद रिकामी खोकी घेऊन रिक्षापर्यंत आला. रिक्षावाल्याला थांबवून तो तिच्याजवळ वाकला.

"ताई. काई इलाज आहे का त्याले?"

होता. बाबांची एखादी भट्टी बिघडली, मातीत खडा राहिला असं कळलं, की ते सगळा माल पाण्याच्या टाक्यात बुडवत. भरपूर पाण्यात, एकदम. चुना तिथल्या तिथं विझून मऊ होतो, मग त्याला फुगायचा जोर राहत नाही. लवकर केलं तर सगळे नाही तरी पुष्कळ राघू वाचतात. देवानंदला ते माहीत नव्हतं. तो टाक्याच्या काठावर बसे ते दुसरंच काही पाहायला.

"नाई," जमुना म्हणाली.

त्यानं मान डोलावली. विश्वास ठेवला. तिच्या शब्दावर, एखाद्या पोरासारखा, जसा कुणीतरी आंधळ्या अंधारात त्याच्या 'हो'वर ठेवला होता...

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. ऊन उतरत होतं. मोबाइल तिच्या हातात होता. तिनं तो केव्हा काढला हे तिला कळलं नव्हतं. देवानंदचं नाव पडद्यावर होतं, आणि पडदा काळा होत होता, आणि तिचं बोट पुन्हा तो उजळवत होतं. दोन शब्द. पाण्यात बुडव. एवढंच सांगायचं. त्या सुनेच्या घरची जोडी गेली ती गेली, पण बाकीचे... का सांगू? बाबांनी सांगितलं म्हणून? बाबांनी सांगितलं का? नखांचं खरं असेल. पण नखांचं तर देवानंदही रोज ऐकत होता, त्याच अंगणात, टाक्याच्या काठावर बसून. कान होते की त्याला. चुना जिभेला लागल्यावर त्यानं हे सगळं रचलं असेल तर? ओरडण्यापेक्षा हे शहाणपणाचं. मला बाबांच्याच हातून बांधायचं. तेवढा शहाणा आहे का देवा? मुलाखतीत शुद्ध बोलताना घाम फुटलेला देवा? आणि रचायचंच होतं तर माणूस 'त्याच्या हातात काही नाही' असं स्वतःबद्दल रचेल का?

हेच तर. हेच खोटं वाटत नव्हतं.

'हा तं कावळा झाला, देवा' म्हणणारा माणूस अंथरुणाला खिळल्यावर असंच म्हणेल. तिला बाबांचा आवाज ऐकू आला, स्पष्ट, खरखरीत, आणि त्या आवाजात ते वाक्य इतकं नीट बसलं की तिनं खिडकीची काच दोन्ही हातांनी ढकलून उघडली. वारा आत आला. म्हणजे शेवटच्या क्षणी, तिचा हात हातात आहे असं समजून, बाबांनी तिच्याकडे मागितलं काय, तर त्याच्यासाठी. तिच्यासाठी एक शब्द नाही. नखं कापत जा आणि देवाला सांभाळ. आयुष्यभर जमुना जमुना, आणि शेवटी तीही त्याच्याच उशाशी ठेवून गेले, एखाद्या वस्तूसारखी.

कंडक्टर तिकीट विचारत होता. तिनं पैसे दिले. दिवे लागले होते, कपाशीची शेतं काळी पडत चालली होती, आणि बसमधल्या त्या पिवळट उजेडात जमुना डोळे मिटून बसली होती, मोबाइल पालथा मांडीवर, आणि ओठ हलत होते. शेजारच्या माणसाला वाटलं बाई जप करते आहे. ती खरोखरच मागत होती, लहानपणी गणपतीपुढं मागायची तसं, मनापासून, दात आवळून — की देवानंद खोटं बोलला असू दे, बाबा तसं काहीच म्हणाले नसू देत, जमुना आली का, असं पुसत पुसत, उत्तर न मिळताच, भिंतीकडे तोंड करून गेले असू देत.

आणि आपण काय मागतो आहोत हे ऐकू येऊनही ती थांबत नव्हती.